दोन मूर्ती, एक परिक्रमा
(व्याख्यानाचे शब्दांकन)



विवाहविधीमध्ये सप्तपदीला फार मोठे स्थान आहे. वधू-वर सात पावले एकमेकांच्या साथीने चालतात आणि तेथून त्यांच्या सहजीवनाचा आरंभ होतो. ही सात पावले मंडपात, मंगलवाद्यांच्या घोषात आणि आप्तेष्टांच्या आशीर्वादात पडतात. त्यापुढची पावले मात्र पती-पत्नींना स्वतःच टाकावी लागतात. संसाराच्या धावपळीत दोघे एकाच घरात राहतात, एकाच ताटाभोवती बसतात; पण बरोबरीने चालण्याचा प्रसंग किती दांपत्यांच्या वाट्याला येतो? आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका दांपत्याची पदयात्रा हा आहे. हे दांपत्य म्हणजे जबलपूरचे चित्रकार आणि साहित्यिक अमृतलाल वेगड व त्यांच्या सहधर्मचारिणी कान्ताबाई. त्यांचा मार्ग होता नर्मदा परिक्रमेचा.

प्रथम या परिक्रमेचे स्वरूप पाहू. नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि 1312 किलोमीटरांचा प्रवास करून भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. या प्रवासात ती महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यालाही स्पर्श करते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जायचे, तेथे नावेने संगम पार करायचा आणि उत्तर तटाने पुन्हा उगमाकडे यायचे, असा हा क्रम आहे. मध्ये कोठेही नदी ओलांडायची नाही. दोन्ही तट मिळून सुमारे 2600 किलोमीटरांची ही वाटचाल तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पुरी करावी, असा परंपरेचा संकेत आहे. पावसाळ्याचे चार महिने परिक्रमावासी एका ठिकाणी मुक्काम करतात. चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो, हे ज्यांना परिचित आहे, त्यांना या नियमाचे मर्म वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परिक्रमेचे इतर नियमही असेच संयमाचे आहेत. सामान मोजके, संग्रह नाही, सदावर्तात मिळालेल्या शिध्यावर निर्वाह आणि ब्रह्मचर्याचे पालन. काठावरील आश्रमात सायंकाळी यात्रेकरू पोहोचले की विचारणा होते, 'मूर्ती किती?' तेथे कोणाची जात विचारात घेतली जात नाही, कोणाचा हुद्दा किंवा शिक्षण पाहिले जात नाही. माणूस म्हणजे एक मूर्ती. पती-पत्नी आले तर दोन मूर्ती. एरवी एकमेकांच्या नात्याने ओळखली जाणारी दोन माणसे येथे प्रत्येकी स्वतंत्र यात्रिक होतात. एकमेकांवरचा हक्क काही काळ बाजूला राहतो आणि सोबत तेवढी उरते. गृहस्थाश्रमातील दांपत्यासाठी ही लहानसहान साधना नव्हे.

अमृतलाल वेगड यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1928 रोजी जबलपूर येथे झाला. कुटुंब मूळचे कच्छचे. मातृभाषा गुजराती आणि कर्मभूमी हिंदी. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे जबलपुरात कलाशिक्षक म्हणून काम केले. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी नर्मदेच्या काठाने पहिली पदयात्रा केली. ती जबलपूर ते मंडला अशी होती. पाठीवर सामान, हाती चित्रवही आणि सोबत मोजके सहकारी. पुण्यसंचयापेक्षा नदीच्या सौंदर्याची ओढ त्यांना या वाटेवर घेऊन आली होती. या वाटचालीतून 'सौंदर्य की नदी नर्मदा', 'अमृतस्य नर्मदा', 'तीरे-तीरे नर्मदा' ही पुस्तके निर्माण झाली. गुजरातीतील 'सौंदर्यनी नदी नर्मदा' या ग्रंथासाठी त्यांना 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. वेगडांनी परिक्रमा सलग केली नाही. नोकरी आणि संसार सांभाळून ते निघत, काही अंतर चालत, घरी परतत आणि पुन्हा कधीतरी पुढचा टप्पा घेत. परंपरेच्या काटेकोर दृष्टीने पाहणारा एखादा विचारील, की ही कसली परिक्रमा? व्रत घेतले तर ते अखंड हवे. मध्येच घरी जाऊन गादीवर झोपणाऱ्याने आपणास परिक्रमावासी का म्हणवून घ्यावे?

या आक्षेपाला उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जैन आचारशास्त्राने मुनींसाठी महाव्रते आणि श्रावकांसाठी अणुव्रते सांगितली. मुनींचा अपरिग्रह संपूर्ण असतो, तर गृहस्थासाठी परिग्रहाचे परिमाण असते. म्हणून अणुव्रत हे फसलेले महाव्रत ठरत नाही. ज्याच्यावर वृद्ध मातापित्यांची, लेकरांची आणि व्यवसायाची जबाबदारी आहे, त्याने आपल्या मर्यादेत राहून जे प्रामाणिकपणे पाळावे, ते अणुव्रत. वेगडांची टप्प्याटप्प्याने घडलेली परिक्रमा ही अशीच गृहस्थाची परिक्रमा होती. तिच्यात खंड होते, पण तिच्यातील निष्ठा खंडित नव्हती. 2002 मध्ये, पहिल्या पदयात्रेला पंचवीस वर्षे होत असताना आणि स्वतःच्या वयाचे पंचाहत्तरावे वर्ष लागलेले असताना, त्यांनी पुन्हा एकवार नर्मदेची वाट धरली. या वेळी कान्ताबाई त्यांच्या सहयात्री होत्या.

वार्धक्यातील ही सहयात्रा अनेक अंगांनी विचार करण्याजोगी आहे. दोन माणसांची चाल क्वचितच सारखी असते. घरात हे अंतर झाकले जाते. एकजण देवघरात, दुसरा दुकानात. ज्याचा त्याचा वेग ज्याच्या त्याच्या कामात मुरून जातो. पाऊलवाटेवर मात्र ते उघडे पडते. पुढे गेलेल्याला वळणावर थांबावे लागते. मागे राहिलेल्याला मागे राहिल्याचा संकोच सोडावा लागतो. पुढच्याने थांबल्याचे उपकार बोलून दाखवायचे नाहीत आणि मागच्याने उशिराची कारणे द्यायची नाहीत, एवढे जमले तरी चालणे सुखाचे होते. नदीकाठच्या दगडगोट्यांतून, कड्याकपारींतून दिवसामागून दिवस असे चालणे म्हणजे क्षमाभावाचा नित्य अभ्यासच होय. वर्षातून एकदा क्षमापना करणे त्या मानाने सोपे. दर मैलाला ती करणे कठीण.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पंचवीस वर्षांनी जी नर्मदा या दांपत्यास दिसली, ती 1977 ची नर्मदा उरली नव्हती. जबलपूरजवळील बर्गी धरणाच्या जलाशयाने 162 गावांना झळ पोहोचविली होती. पहिल्या पदयात्रेतील पाऊलवाटा, घाट आणि मुक्कामाची गावे यांपैकी कित्येक पाण्याखाली गेली होती. पुढे 2004 मध्ये इंदिरा सागर प्रकल्पामुळे हरसूद शहर उठले, आणि 2017 मध्ये सरदार सरोवराचे दरवाजे बंद झाल्यावर खालच्या खोऱ्यातील काठ बुडाले. धरणांनी पाणी दिले, वीज दिली, हे खरेच. परंतु ज्या काठाने पिढ्यान्पिढ्या यात्रिक चालले, तो काठच काही ठिकाणी नाहीसा झाला, हेही तितकेच खरे आहे. जेथे काठ उरला, तेथे वस्त्यांचे सांडपाणी आणि भाविकांनी टाकलेला कचरा येऊ लागला. तीर्थाला येणाराच तीर्थ मलिन करून जातो, याहून मोठी विसंगती कोणती?

या विसंगतीला वेगडांनी दिलेले उत्तर अत्यंत साधे आहे. आपल्या लेखनात त्यांनी एक मनीषा व्यक्त केली आहे. शे-दोनशे वर्षांनंतर कोणाला नर्मदेकाठी एखादे जोडपे घाट झाडताना, केर उचलून दूर नेताना आणि झाडे लावताना दिसले, तर ते जोडपे आपण दोघेच आहोत असे समजावे, असा तिचा आशय आहे. पुनर्जन्माची कल्पना करतानाही त्यांनी वैभव मागितले नाही, कीर्ती मागितली नाही आणि मुक्तीचीही घाई केली नाही. मागितला तो झाडू, आणि केराची टोपली धरणारी तीच सोबतीण. पतीने झाडायचे आणि पत्नीने उचलून न्यायचे, यात कोणाचे काम मोठे हा प्रश्नच उरत नाही; एकाने आपले काम सोडले तर दुसऱ्याचे व्यर्थ होते. दांपत्यधर्माचे याहून सुगम विवरण सापडणे कठीण आहे. 6 जुलै 2018 रोजी वेगड यांचे जबलपूर येथे निधन झाले. त्यांची ती मनीषा मात्र काठावर तशीच उभी आहे, कोणीतरी झाडू हाती घेईल या अपेक्षेने.

याच नदीच्या परिसरात जैन समाजाची पूजनीय स्थानेही आहेत. दक्षिण तटाकडे बडवानीजवळ बावनगजा येथे भगवान आदिनाथांची 84 फुटांची भव्य पाषाणमूर्ती आहे. उत्तर तटावर ओंकारेश्वरसमोर सिद्धवरकूट आणि हंडियासमोर नेमावर ही सिद्धक्षेत्रे आहेत. अनेक कुटुंबे तेथे वाहनाने जातात, दर्शन घेतात आणि सायंकाळपर्यंत परततात. त्यात गैर काही नाही. परंतु पुढच्या वेळी मोटार थोडी अलीकडे थांबवून शेवटची दोन-चार किलोमीटर पती-पत्नींनी पायी जावे, आणि परतताना काठावरची एक पिशवीभर घाण उचलून आणावी. कोणाला गुडघ्यांमुळे तेवढेही शक्य नसेल, तर मंदिराच्या पायरीपाशी सोबत्याची वाट पाहत बसणे हीदेखील यात्राच आहे. महाव्रत ज्यांना पेलते त्यांना वंदन असो. अणुव्रत प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.

आश्रमाच्या दारात 'मूर्ती किती?' असा प्रश्न येतो, तेव्हा 'दोन' असे उत्तर देता यावे, आणि त्या दोघांच्या मागे राहिलेला काठ त्यांच्या येण्यापूर्वीपेक्षा थोडा अधिक स्वच्छ असावा. सप्तपदीनंतरची पावले या दिशेने पडोत, हीच या मंगल प्रसंगी सर्वांप्रती सद्भावना.