गटाचं दप्तर: वही की मोबाइल?

आज गटाच्या दप्तराबद्दल बोलू.

मुक्ताईनगर तालुक्यातल्या आमच्या एका गटाने हौसेने सगळा हिशोब मोबाइलवर घेतला. फोन सचिवताईंकडे असायचा. एक दिवस तो पाण्याच्या टाकीत पडला आणि तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. एक ताई म्हणाली, "मी पाचशेचा हप्ता भरला." सचिव म्हणाल्या, "मला आठवत नाही." बँकेचं पासबुक पाहिलं, तर तिथे गटाची एकच रक्कम होती. कुणी किती दिले, ते बँकेला कसं कळणार? दोघी केळीच्या एकाच बागेत मजुरीला जायच्या, पण महिनाभर बोलल्या नाहीत.

तेव्हापासून कोणतंही साधन घेताना आम्ही तीन गोष्टी विचारतो. लिहिणार कोण? आपली नोंद बाईला स्वतःला दिसणार का? आणि हरवलं, तर दुसरीकडे सापडेल का?

म्हणून इतिवृत्त, रोकड वही, बचत-कर्ज खतावणी आणि प्रत्येकीच्या हातात तिचं पासबुक, एवढं हवंच. ठराव इतिवृत्तात, आलेला-गेलेला पैसा रोकड वहीत, प्रत्येकीचं खातं खतावणीत. पासबुक बाईच्या घरी राहतं, तोच तिचा पुरावा.

मग मोबाइल नको का? हवा. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात नाबार्डने 2015 मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. झारखंडमधलं रामगढ आणि आपलं धुळे, या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. गटाचे व्यवहार संगणकावर आले, की कर्ज देताना बँकेला गटाचा कारभार समोर दिसतो. पण त्यात माहिती जाते ती आपल्याच वहीतून. वही चुकली, की मोबाइलही चुकतो. म्हणून आधी वही, मग मोबाइल.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं काय? आम्ही बैठक संपण्याआधी प्रत्येकीचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचतो. रोकड सगळ्यांसमोर मोजतो. वहीतली शिल्लक आणि हातातली रोकड जुळली, मगच सह्या आणि अंगठे.

आमच्या त्या दोघींचा हप्ता शेवटी गटाने ठराव करून मान्य केला. पण मनातली अढी जायला वेळ लागला. तुमच्या गटात तशी वेळ येऊ देऊ नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक सोबत आणा आणि खतावणीशी ताडून पाहा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.