पायउतार करण्याची रीत
(नंदुरबार जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीपुढे तीन गावांचे अर्ज आहेत. तिन्ही अर्जांतली मागणी एकच आहे : सरपंच ऐकत नाही, त्याला काढा. एका अर्जावर दीडशे सह्या आणि अंगठे आहेत. सह्या करणाऱ्यांच्या रागाबद्दल आम्हाला शंका नाही. राग खराच आहे. पण नुसत्या रागाने माणूस खुर्चीवरून उतरत नाही आणि उतरलाच, तर तो न्याय झाला असे म्हणता येत नाही.

गेल्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारले होते, "सरपंचाचे राहू द्या, दिल्लीत राष्ट्रपतीला तरी काढता येते का?" मंडळी हसली. आम्हाला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग पाचव्या अनुसूचीत आहे. कोणता मुलूख अनुसूचित क्षेत्र, हे ठरवण्याचा अधिकार घटनेने राष्ट्रपतींना दिला आहे. खानदेशच्या प्रतिभाताई पाटील २००७ साली त्या पदावर बसल्या. २०२२ साली संथाळ समाजाच्या द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. आपल्या जिल्ह्यातले चारही आमदार त्या निवडणुकीत मतदार असतात. ज्याला आपण बसवतो, त्याला उतरवण्याची रीत काय, हे विचारण्याचा हक्क अक्राणीच्या पाड्यावरच्या माणसालाही आहे.

तर ती रीत आधी पाहू. घटनेचे ६१ वे कलम तिच्यासाठी आहे. त्याला महाभियोग म्हणतात. कारण एकच चालते : घटनेचा भंग. राष्ट्रपती आवडत नाही, भाषण चुकले, पक्ष बदलला, ही कारणे चालत नाहीत. लोकसभा किंवा राज्यसभा, कोणत्याही एका सभागृहात आरोप मांडता येतो. त्यासाठी त्या सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची लेखी नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर १३६ सह्या. मग ठराव मंजूर व्हायला एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे ३६२. हजर किती आहेत याच्यावर हा हिशेब नाही. घरी बसलेला सदस्यही यात मोजला जातो.

एवढे झाले तरी राष्ट्रपती जात नाहीत. एका सभागृहाने केला तो फक्त आरोप. त्याची चौकशी दुसऱ्या सभागृहाने करायची किंवा करवून घ्यायची. त्या चौकशीत राष्ट्रपतींना स्वतः हजर राहण्याचा किंवा आपला वकील उभा करण्याचा हक्क आहे. चौकशीत आरोप खरा ठरला आणि त्या सभागृहानेही एकूण संख्येच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव केला, तर त्या दिवसापासून पद गेले. १९५० पासून एकाही राष्ट्रपतीवर ही वेळ आलेली नाही.

कोणी म्हणेल, एवढे सोपस्कार कशाला? चोराला पकडायचे तर पंचांग बघत बसायचे का? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. नवापूरहून सुरतेच्या वाटेने निघालो की सोनगड लागते. बडोद्याच्या गायकवाडांची सुरुवातीची गादी तिथे होती. त्याच गायकवाडांच्या घराण्यातल्या एका मराठी राजावर १८७५ साली आयोग बसला, साक्षी झाल्या, वकील भांडले आणि राजा गादीवरून गेला. त्या राजाचे नाव मल्हारराव.

मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे आम्ही सांगणार नाही. सारा आणि नजराण्याच्या ओझ्याखाली रयत दबली होती. सरदारांच्याही तक्रारी होत्या. १८७३ साली इंग्रज सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे शेतकऱ्यांची गाऱ्हाणी आली. समितीने कारभार वाईट असल्याचे सांगितले. तेव्हा व्हाइसरॉयने मल्हाररावांना कारभार सुधारायला ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली. दादाभाई नौरोजी त्या काळात बडोद्याचे दिवाण होते. इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल फेअर याच्याशी दरबाराचे रोज खटके उडत. नोव्हेंबर १८७४ च्या सुरुवातीला मल्हाररावांनी लेखी मागणी केली की हा रेसिडेंट बदला. त्यानंतर आठवडाभरात, ९ नोव्हेंबरला, फेअरच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचा गवगवा झाला.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना कैद केले. सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज होते आणि अध्यक्षही त्यांच्यातलेच, कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. तीन हिंदी होते : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. राजाच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन नावाचा नामांकित वकील आला. त्याने सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी घेतली. शेवटी आयोग दुभंगला. तिन्ही इंग्रजांनी राजाला दोषी धरले. तिन्ही हिंदी सभासदांचे म्हणणे पडले की आरोप सिद्ध झालेला नाही. तीनास तीन.

आता नीट ऐका. निकाल बरोबरीत सुटल्यावर सरकारने काय करावे? एप्रिल १८७५ मध्ये जाहीरनामा काढून मल्हाररावांना पदच्युत केले आणि त्यांना मद्रासेला पाठवले. कारण काय दिले? विषाचे नाव बाजूला ठेवले आणि गैरकारभार, सुधारणा करण्याची नालायकी हे कारण पुढे केले. ज्या गैरकारभारासाठी डिसेंबरपर्यंत मुदत दिली होती, त्याच कारणाने मुदत संपण्याच्या आठ महिने आधी काढले. खटला एका आरोपाचा आणि शिक्षा दुसऱ्या आरोपाची. आरोप करणारे सरकार, आयोग नेमणारे सरकार, आणि आयोगाचे एकमत झाले नाही तेव्हा निकाल देणारेही सरकारच.

कोणी म्हणेल, पण पुढे चांगलेच झाले ना? झाले. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा दत्तक घेतला आणि तो सयाजीराव महाराज म्हणून नावाजला. पण तो बडोद्याच्या रयतेच्या नशिबाचा भाग. निवडणारा वेगळा असता तर रयतेच्या वाट्याला दुसरा मल्हारराव आला असता, आणि तेव्हाही रयतेला कोणी विचारले नसते. शेतकऱ्यांचे खरे गाऱ्हाणे साऱ्याचे होते. ते कधी आरोपपत्रात आले नाही, त्यावर उलटतपासणी झाली नाही. साहेबाच्या पेल्यासाठी मात्र आयोग बसला.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली : आरोप करणारा आणि निवाडा करणारा एक असता कामा नये. ६१ व्या कलमात एक सभागृह आरोप करते आणि दुसरे तपासते, ते यासाठीच. दक्षिण कोरियात तर याहून स्पष्ट वाटणी आहे. तिथे संसद दोन तृतीयांश मतांनी आरोप करते आणि निकाल घटना न्यायालय देते. २०१७ साली पार्क ग्युन हे आणि २०२५ साली युन सुक योल, असे दोन राष्ट्राध्यक्ष तिथे या मार्गाने गेले आणि दोन्ही वेळा न्यायाधीशांचे एकमत होते. दुसरी गोष्ट : ज्या आरोपाची चौकशी केली, त्याच आरोपावर निकाल लागला पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे वकिलाची बाजू घेऊन आले. रीत फार उंच बांधली की दोषी माणूस तिच्या आडोशाला बसतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर सरकारी पैशाच्या उधळपट्टीचे आरोप होते. तीन न्यायाधीशांच्या समितीने चौकशी केली. आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या समितीत होते. १४ पैकी ११ आरोप समितीला खरे आढळले. मे १९९३ मध्ये लोकसभेत मतदान झाले. बाजूने १९६ मते पडली. विरोधात एकही नाही. पण सत्ताधारी काँग्रेस आणि तिचे मित्र मिळून २०५ सदस्य तटस्थ बसून राहिले आणि ठराव पडला. एकाही खासदाराने उठून "हा माणूस निर्दोष आहे" असे मत दिले नाही, तरी माणूस खुर्चीवर राहिला. तेव्हा नुसत्या कायद्याने भागत नाही. मत देणाऱ्याच्या पाठीला कणा लागतो.

आता आपल्या गावात येऊ. सरपंचाला काढायच्या दोन वाटा आहेत आणि आपले कार्यकर्ते नेमकी यांचीच गल्लत करतात.

एक वाट अविश्वासाची, ग्रामपंचायत कायद्याचे ३५ वे कलम. इथे गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. विश्वास उरला नाही, एवढे पुरते. सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, तहसीलदार सात दिवसांत खास सभा बोलावतात आणि स्वतः अध्यक्ष असतात. सरपंचाला त्या सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचाही हक्क आहे. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचासाठी तीन चतुर्थांश मते लागतात. मताचा हक्क असलेले नऊ जण असतील तर सात. तेवढ्यानेही पद जात नाही. ज्या गावाने निवडले, त्या गावाच्या खास ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन ठरावावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. निवड झाल्यापासून पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने हा ठराव आणता येत नाही. एकदा फसला तर पुन्हा आणायलाही थांबावे लागते.

दुसरी वाट ३९ व्या कलमाची. ही आपल्या गावातला महाभियोग समजा. कर्तव्यात गैरवर्तन, लाजिरवाणे वर्तन, कामात हयगय असा आरोप लागतो. विभागीय आयुक्तांच्या आदेशाने जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, सरपंचाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि मग निकाल आयुक्त देतात. इथे संख्या उपयोगाची नाही, कागद लागतो.

या दुसऱ्या वाटेवर आम्हीच एकदा तोंडघशी पडलो आहोत. एका गावच्या अर्जात आम्ही लिहिले, "सरपंच हुकूमशाहीने कारभार करतो व पैसे खातो." चौकशी अधिकाऱ्याने विचारले, कोणते काम, कोणते वर्ष, कोणते बिल? आमच्याकडे उत्तर नव्हते. सरपंच सुटला आणि सुटल्याचा गुलाल उधळून आमच्या दारावरून मिरवणूक घेऊन गेला. त्याने पैसे खाल्ले नव्हते असे आम्हाला आजही वाटत नाही. पण चूक आमची होती.

आणखी एक गोष्ट, आणि ती बोलायला अवघड आहे. आजच्या तीन अर्जांपैकी दोन महिला सरपंचांविरुद्ध आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाचे प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरकारी जागेवरच्या घरात राहतात, एवढ्या आरोपावर त्यांना अपात्र ठरवले होते. जिल्हाधिकारी, आयुक्त, उच्च न्यायालय, कुठेही त्यांना दाद मिळाली नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद परत दिले आणि सांगितले की निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातून ग्रामीण भागातल्या बाईला, काढणे ही हलक्याने घेण्याची बाब नाही. बाई आपल्यावर सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचले नव्हते, असेही न्यायालयाला दिसले. आता आपण आपल्या मनाला विचारावे. अर्जातली बाई पैसे खाते म्हणून नको आहे, की नवऱ्याच्या हाती शिक्का देत नाही म्हणून नको आहे? दुसरे कारण असेल तर तो अर्ज आपल्या चळवळीचा नाही. आणि पहिले कारण खरे असेल तर ती बाई आहे म्हणून तिला सूटही नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक अर्जाबरोबर एक कागद जोडा. त्यावर आरोप एकेक करून लिहा : काम कोणते, वर्ष कोणते, रक्कम किती, पेसाचा पाच टक्के निधी की वित्त आयोगाचा, पुरावा कोणता. ज्या आरोपाला पुरावा नाही तो खोडा, मग तो कितीही खरा वाटो. सरपंचाला आपल्या बैठकीत बोलवा आणि त्याचे किंवा तिचे म्हणणे आधी ऐका. मल्हाररावांना बॅलंटाईन मिळाला, आपल्या गावच्या सरपंचाला निदान बोलायला मिळावे. त्यानंतर ठरवा की वाट ३५ ची की ३९ ची. अर्ज लिहिणाऱ्यांपैकी कोणी तो तपासायला बसू नये. दुसऱ्या तालुक्याचे कार्यकर्ते तपासतील.

उद्या आपल्यातलाच कोणी सरपंच होईल. त्याच्याविरुद्धही अर्ज येतील, काही खरे, काही खोटे. आज आपण जी रीत पाडू, तीच त्या दिवशी त्याच्या कामी येईल.

जेवणानंतर तिन्ही गावांनी आपापले कागद घेऊन बसावे. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज इथेच लिहावा. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तीस दिवस थांबण्याची आपली तयारी नसेल, तर राग खरा असूनही लढाई आपण हरणार.