पेशीतील पेव आणि फवारणीचे विष

२०१७ सालचा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली; वीसच्या आसपास दगावले. तेव्हा फवारलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशी सेंद्रिय फॉस्फरसाची विषे होती. अशा विषाने लाळ गळते, बाहुली बारीक होते, स्नायू थरथरतात. विष एक आणि लक्षणे इतकी निरनिराळी, हे कसे?

पानाला आपण चुना लावतो ना, त्यातलेच कॅल्शियम. रक्तात ते भरपूर. पेशीच्या आत मोकळे असे त्याच्या दहा हजारांश. बाकीचे पेशीने पातळ पडद्याच्या पिशव्यांत साठवलेले असते. आपण त्यांना पेव म्हणू. मज्जातंतूचा निरोप आला की पेवाचे तोंड क्षणभर उघडते, कॅल्शियम सुटते, पेशी कामाला लागते. मग ते पुन्हा आत ओढले जाते. सुटलेले कॅल्शियम फार लांब जात नाही, आसपासची प्रथिने त्याला धरून ठेवतात. म्हणून पेव नेमके कुठे आहे, याला महत्त्व. ओलिताचे पाणी झाडाच्या बुडाशीच पोचावे लागते, तसेच हे.

स्नायूत हे पेव प्रत्येक आखडणाऱ्या धाग्याभोवती जाळीसारखे गुंडाळलेले असते. म्हणून सारा स्नायू एकदम आखडतो. लाळेच्या पेशीत मात्र नळीकडच्या टोकाला ते प्रथम उघडते, आणि लाळ त्याच टोकाने बाहेर पडते.

निरोप देणारे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते पुसून टाकणाऱ्या पाचकद्रव्यालाच हे विष बांधून टाकते. निरोप थांबत नाही, पेव उघडतच राहते, आणि ज्या पेशीची जशी मांडणी तसे लक्षण दिसते.

ॲट्रोपिनच्या सुईने लाळ आणि छातीतला स्राव थांबतो, पण स्नायूवरचा निरोप घेणारा दरवाजा निराळ्या जातीचा. तिथे ॲट्रोपिन चालत नाही. श्वासाचे स्नायू पुढे एक-दोन दिवसांनीही थकू शकतात. तेव्हा लाळ थांबली म्हणून रोग्याला घरी आणण्याची घाई करू नका.

बोंडअळीवरचे क्लोरँट्रानिलिप्रोल तर अळीच्या स्नायूतल्या पेवाचे दारच उघडे ठेवते. तिचे खाणे बंद पडते. माणसातले दार वेगळ्या घडणीचे, त्यामुळे ते त्याला फार कमी लागते. मात्र त्याच पंपात प्रोफेनोफॉस मिसळले की ही सवलत गेली. दवाखान्यात जाताना डब्यावरचा कागद सोबत न्या. विष कोणते, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.