परदेशांतील कैदी आणि स्वदेशाचा तुरुंग

दूरदेशीं नोकरीसाठीं गेलेल्या एखाद्या तरुणाच्या हातून अपराध घडतो, तेथील न्यायालय त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावतें आणि इकडे त्याच्या घरचीं माणसें दिवस मोजूं लागतात. शिक्षा त्या एकट्याची. परंतु भेटीसाठीं समुद्रापलीकडे जाण्याची ऐपत नसलेल्या आईबापांनाही तिचा वांटा उचलावा लागतो. ज्याच्याशीं स्वभाषेंत दोन शब्द बोलणारें कोणी नाहीं, त्याचें मन सुधारावें तरी कसें? या विचारांतूनच उरलेली शिक्षा स्वदेशाच्या तुरुंगांत भोगण्याची सोय निर्माण झाली.

२१ मार्च १९८३ रोजीं स्ट्रासबुर्ग येथें युरोपीय राष्ट्रांच्या पुढाकारानें यासंबंधींचा करार झाला. पुढें भारतानेंही तो स्वीकारला. भारताचा या विषयावरील कायदा २००३ सालचा असून कित्येक देशांशीं स्वतंत्र करारही झाले आहेत. ज्या देशाशीं असा कोणताच करार नाहीं, तेथील कैद्याला मात्र या कायद्याचा आधार मिळत नाहीं.

स्ट्रासबुर्गच्या करारानुसार तीन संमति लागतात : शिक्षा देणाऱ्या देशाची, कैद्याला स्वीकारणाऱ्या देशाची आणि खुद्द कैद्याची. कैदी स्वीकारणाऱ्या देशाचा नागरिक असावा, निकाल अंतिम झालेला असावा, सामान्यतः निदान सहा महिन्यांची शिक्षा उरलेली असावी आणि तें कृत्य दोन्ही देशांत गुन्हा ठरणारें असावें. अपील चालू असेल, तर तें निकालांत निघेपर्यंत थांबावें लागतें. कैद्यानें आपली इच्छा तुरुंगाधिकाऱ्यांना अथवा भारतीय वकिलातीला लेखी कळवावी. मात्र अर्ज करणें हा त्याचा अधिकार असला, तरी तो मान्य होईलच असें नाहीं. दोन्ही सरकारांपैकीं कोणीही नकार देऊं शकतें.

येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. बदली म्हणजे सुटका नव्हे. मायदेशीं आल्यावर तेथील न्यायालयांत दोषसिद्धीचा प्रश्न पुन्हा उकरून काढतां येत नाहीं; निकालाचा फेरविचार करण्याचा अधिकार शिक्षा देणाऱ्या देशाकडेच राहतो. शिक्षेचें स्वरूप वा मुदत स्वदेशाच्या कायद्याशीं जुळत नसेल, तर ती जुळवून घेतां येते. परंतु मूळ शिक्षेहून ती कठोर करतां येत नाहीं. माफी वा शिक्षेंत सूट देण्याचा अधिकार मात्र दोन्ही देशांना असतो. म्हणूनच कैद्याची संमति स्वेच्छेची आणि परिणाम पूर्णपणें जाणून दिलेली असावी, असा करारांतच दंडक आहे.

ज्या घरावर असा प्रसंग ओढवतो, तेथील मंडळी बहुधा प्रथम ओळखीपाळखीच्या आणि वशिल्याच्या मागें धांवतात. त्याऐवजीं तीन गोष्टींची चौकशी आधीं करावी : त्या देशाशीं करार आहे काय, निकाल अंतिम झाला आहे काय, आणि शिक्षा किती उरली आहे. या तिन्हींचीं उत्तरें अनुकूल असतील, तर अर्जास विलंब लावूं नये. सहा महिन्यांची मर्यादा एकदां ओलांडली, कीं आईची भेट सुटकेच्या दिवसावरच जाऊन पडते.