हौशी बिनतारीचे परवाने आणि लहरींचे पट्टे

अमेरिकेंत 1912 सालीं बिनतारीचा जो कायदा झाला, त्यानें हौशी लोकांना 200 मीटरांहून लांब लहरी वापरण्याची मनाई केली. आखूड लहरी दूर जाण्यास निरुपयोगी, असें तेव्हांच्या जाणत्यांचें मत होतें. काळी जमीन थोरल्यानें ठेवावी व खडक धाकट्याच्या वांट्यास टाकावा, तशांतलाच हा प्रकार! परंतु 1923 च्या नोव्हेंबरांत कनेक्टिकटच्या फ्रेड श्नेल यानें फ्रान्समधील नीस येथल्या लिऑं देलॉय याच्याशीं सुमारें 110 मीटरांच्या लहरीवर अटलांटिकपलीकडे संदेशांची देवघेव केली, आणि खडकालाच पाणी लागलें.

हें घडतें तें वातावरणाच्या वरच्या भागांतील विद्युद्भारित थरांमुळें. आखूड लहरी त्यांवरून वळून पुन्हां पृथ्वीवर येतात. 80 व 40 मीटरांच्या लहरींना दिवसां सर्वांत खालचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला कीं तो थर विरतो आणि रात्रीं त्याच लहरी दूरवर पोंचतात. 20 मीटरांचा पट्टा बहुधा दिवसाचा सोबती. 2 मीटरांची लहर मात्र सामान्यतः हे थर भेदून अवकाशांत निघून जाते. ती नजरेच्या टप्प्यापुरती, फार तर टेकडीवरील पुनःप्रक्षेपकाच्या आधारानें थोडी पुढें.

अमेरिकेंतील ‘टेक्निशियन’ या पहिल्या पायरीच्या परवान्यावर मुख्यतः अशाच लहरी मिळतात. 35 प्रश्नांपैकीं 26 उत्तरें बरोबर आलीं कीं परवाना हातीं येतो. पण मग त्याच गांवचे तेच चार आवाज! पुष्कळांची हौस येथेंच विझते आणि यंत्र फळीवर जातें. हें नुकसान परीक्षेच्या भीतीपायीं व्हावें, हें खेदाचें आहे. कारण पुढील ‘जनरल’ परीक्षेंतहि प्रश्न 35 च, आणि तिनें सारे हौशी पट्टे बव्हंशीं खुले होतात. 2007 पूर्वीं तीसाठीं मोर्स संकेत कानानें उतरवावे लागत. आतां तोहि अडसर नाहीं.

शेवटची ‘एक्स्ट्रा’ परीक्षा खरी कसोटीची. 50 पैकीं 37 उत्तरें बरोबर हवींत. तिनें मिळते ती जागा दिसण्यांत चिमूटभर: 14.000 ते 14.025 मेगाहर्ट्झ यांसारख्या राखीव फटी. परंतु दुर्मिळ देशांचे मोर्सवाले पुष्कळदां तेथेंच सांपडतात, हें ज्याला ठाऊक तो ती चिमूट सोडीत नाहीं.

पहिल्या पायरीवरील माणसानें 10 मीटरांचा पट्टा मात्र विसरूं नये. सूर्यावरील डाग सुमारें 11 वर्षांच्या फेऱ्यानें वाढतात, आणि ते भरांत असतांना हा एरवीं निपचित पडलेला पट्टा जागा होतो. 28.3 ते 28.5 मेगाहर्ट्झमध्यें ‘टेक्निशियन’ला तोंडानें बोलण्याची मुभा आहे. शक्तीची मर्यादा 200 वॅटची. त्या दिवसांत तिचा अर्धा भागहि समुद्रापलीकडे पोंचण्यास पुरतो.