दोन जिवांची बाई आणि मनाचं औषध

घरात सुनेला दिवस गेले की वडीलधारी माणसं पहिली गोष्ट काय सांगतात? "आता औषधं बंद कर हो." या सांगण्यात माया असते. भीतीही काही अगदीच खोटी नाही. थॅलिडोमाइड नावाच्या गोळीमुळे हजारो मुलं व्यंग घेऊन जन्माला आली आणि १९६१ साली जर्मनीत ती बाजारातून काढून घ्यावी लागली. पण हीच भीती किती महागात पडते, ते मी घरीच पाहिलं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला कधी अतिउत्साहाचे, तर कधी खोल उदासीचे झटके येत. 'बायपोलर' म्हणतात तो हा विकार. लिथियमच्या गोळ्यांवर तिची चार वर्षं सुखाची गेली. पुढे दिवस राहिले आणि आम्ही डॉक्टरांना न विचारता गोळ्या एका दिवसात बंद केल्या. मी एम.ए. झालेला, मुलांना शिकवणारा. मीही मान डोलावली. दीड महिन्यात तिची झोप उडाली, जेवण सुटलं. एका पहाटे ती घरातून निघून गेली, ती दुपारी स्टेशनावर सापडली.

श्रोतेहो, औषध थांबवलं म्हणजे धोका टळला, असं नसतं. २००७ साली अमेरिकेत ८९ गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी शेकडा ३७ जणींचा विकार उलटला. बंद करणाऱ्यांपैकी शेकडा ८५ जणींचा. आजारी आई जेवत नाही, झोपत नाही. त्याची झळ बाळालाही लागतेच.

मग सगळीच औषधं निर्धोक का? मुळीच नाही. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या दहा मातांमागे सुमारे एका बाळात मोठं व्यंग आढळतं, आणि पुढे मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. मूल हवं असेल तर डॉक्टरांकडून ते आधीच बदलून घ्यावं. लिथियमचं तसं नाही. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत ते घेतलेल्या मातांच्या शंभर बाळांत दोन-अडीच बाळांच्या हृदयात दोष दिसला. न घेतलेल्यांत सुमारे एकाच्या. मात्रा जास्त, तसा धोका जास्त. शिवाय गरोदरपणी मूत्रपिंडं हे औषध लवकर बाहेर टाकतात, म्हणून रक्त वरचेवर तपासावं लागतं. बाळंतपणानंतरचे आठवडे तर डोळ्यांत तेल घालून जपायचे असतात.

थोडक्यात काय, तर गोळी घ्यायची की नाही, हे शेजारणीनं, सासूनं किंवा माझ्यासारख्या भावानं ठरवायचं नाही. दिवस राहण्यापूर्वीच मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतीचे डॉक्टर, दोघांनाही विचारा. आधीच दिवस गेले असतील, तर त्याच आठवड्यात जा. मनानं काही बंद करू नका. जवळ तज्ज्ञ नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

बहीण त्या खेपेला सावरली. फार हाल सोसून. दुसऱ्या खेपेला मात्र आम्ही आधी विचारलं. ती धाकटी आता शाळेत जाते.