लेकुरवाळ्या घराची कर्जफेड

घरात लहान मूल असताना फेडायच्या कर्जाचे गणित एकट्यादुकट्या माणसाच्या कर्जापेक्षा वेगळे असते. एकटा माणूस वर्षभर पोटाला चिमटा काढून हप्ते भरू शकतो. मुलांचे खर्च पुढे ढकलता येत नाहीत, आणि त्यांतले बरेचसे ठरलेल्या महिन्यांतच येऊन पडतात. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, दप्तर, वह्या आणि रिक्षाकाकांची आगाऊ रक्कम. जुलै-ऑगस्टमध्ये ताप, खोकला, जुलाब. त्यामागून दिवाळी. म्हणून कर्जफेडीची आखणी या वर्षचक्रावर बसवावी लागते. ती तशी बसवली नाही, तर मार्चपर्यंत कमी केलेले कर्ज जूनमध्ये पुन्हा होते तिथेच येते, आणि बहुधा आधीपेक्षा महागड्या व्याजाने.

आखणीची सुरुवात कर्जांच्या यादीपासून होते. यादीत बँकेचे आणि पतसंस्थेचे कर्ज तर येतेच, पण किराणा दुकानातली उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने आणि भिशी आधी उचलली असेल तर तिचे उरलेले हप्तेही आले पाहिजेत. प्रत्येकापुढे व्याजाचा दर लिहायचा, आणि इथेच पहिली अडचण येते. बँक दर साल दर शेकडा बोलते. बचत गट आणि सावकार महिन्याचा शेकडा सांगतात. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेकडा पाच म्हणजे ६०. वाहन किंवा घरगुती वस्तूंच्या कर्जात ‘फ्लॅट’ दर सांगण्याची पद्धत आहे. त्यात मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच मोजतात. तीन वर्षांच्या कर्जाला १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १८ टक्के. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. सही करण्याआधी त्या कागदावरचा तो एक आकडा पाहिला तरी पुष्कळ काम होते.

यादी झाली की कोणते कर्ज आधी फेडायचे हा प्रश्न उरतो. घरोघरी याचे उत्तर लाजेवर ठरते. नातेवाइकांचे पैसे आधी, कारण लग्नकार्यात तोंड दाखवायचे असते; क्रेडिट कार्डाचे नंतर, कारण त्याचा तगादा फोनवरच येतो. पैशाच्या हिशेबात हा क्रम उलटा आहे.

एका चौकोनी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. औद्योगिक वसाहतीत नोकरी, दोन मुले, एक पहिलीत आणि एक पाळणाघरात. कर्जे तीन: क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये, पगारदारांच्या पतसंस्थेचे १ लाख, मेव्हण्याचे ५०,००० बिनव्याजी. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के धरला, तर महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. किमान देय रक्कम म्हणून २,००० रुपये भरले, तर मुद्दलात जमा होतात फक्त ३४८. शिवाय जुनी बाकी पुढे ओढली गेली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या दुधाच्या डब्याला खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. पतसंस्थेच्या १ लाखाला १४ टक्क्यांनी महिन्याचे व्याज १,१६७ रुपये, म्हणजे अडीचपट कर्ज असूनही कार्डापेक्षा कमी.

या घरात पतसंस्थेचा हप्ता ठरल्याप्रमाणे चालू ठेवायचा, मेव्हण्याला दरमहा ठरलेल्या तारखेला एक छोटी रक्कम द्यायची आणि उरलेला सगळा जोर कार्डावर लावायचा. मेव्हण्याला हजार रुपये वेळेवर पोचले की नाते सांभाळले जाते. वर्षभर काहीच न देता एकदम दहा हजार दिल्याने ते साधत नाही. कार्डावर दरमहा ४,००० भरता आले, तर ते चौदाव्या महिन्यात फिटते. तेच ४०,००० सोने तारण ठेवून वर्षाला १० टक्क्यांनी घेतले, कार्ड एकरकमी बंद केले आणि दरमहा तेवढेच ४,००० सोनेतारणात भरले, तर अकराव्या महिन्यात दागिना घरी येतो आणि दहा हजारांहून अधिक रुपये वाचतात. अट एवढीच की कार्ड पुन्हा वापरात येता कामा नये. सोनेतारणाचा खरा धोका वेगळाच असतो. त्यात अनेक ठिकाणी दरमहा हप्ता नसतो. वर्षाअखेर फक्त व्याज भरून नूतनीकरण करता येते. तसे दोन-तीन वर्षे चालले की मुद्दल तसेच राहते आणि शेवटी लिलावाची नोटीस येते. पाटल्या ठेवायच्या असतील, तर सोडवायचा महिना आधी ठरवून ठेवाव्या.

महाग कर्ज आधी फेडावे हे खरे, पण हाती येणारा प्रत्येक रुपया त्यात घालावा असे नाही. मूल असलेल्या घराने एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या बचत खात्यात आधी उभी करावी आणि मगच जादा हप्ते सुरू करावेत. हिशेबी माणसाला हे पटत नाही, कारण बचत खात्यावर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजाच्या पासंगालाही पुरत नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला रात्री सलाइन लावायची वेळ आली आणि घरात रोकड नसली, की तोच माणूस शेकडा पाचने पैसे उचलतो किंवा मोबाइलमधल्या पहिल्या कर्ज-ॲपवर बोट ठेवतो. ही शिल्लक म्हणजे त्या रात्रीचा विमा होय. जूनच्या खर्चासाठी वेगळे आवर्ती ठेव खाते काढणे त्याहून सोपे: फी २४,००० असेल तर मागच्या जूनपासून दरमहा २,०००. दिवाळीचा बोनस हातात आला की त्याचे वाटे आधीच ठरलेले असावेत. एक सणाला, एक या शिलकीला, उरलेला सर्वांत महाग कर्जाला.

घरकर्ज या यादीत शेवटी येते, कारण त्याचा दर कमी असतो. तरी त्याची मुदत लांब असल्याने व्याजाची बेरीज मोठी होते. २५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २२,४९३ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यात १८,७५० व्याज आणि मुद्दल जेमतेम ३,७४३. वर्षातून एक हप्ता जास्तीचा भरला तर मुदत साडेतीन वर्षांच्या आसपास घटते. तरत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केला आहे. व्याजदर वाढला की पूर्वी बँका न विचारता मुदत लांबवत. ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे. मुले लहान असताना मुदत वाढवून घेण्यात गैर काही नाही. महागडी कर्जे फिटल्यावर ती पुन्हा कमी करता येते.

आता खर्चाची बाजू. कर्ज झाले की घरे आधी भाजी, दूध, फळे यांवर काट मारतात. मोठा आकडा असतो शाळेचा. बालवर्गासाठी कर्ज काढून भरलेली फी हा शहरी मध्यमवर्गाचा सर्वांत कमी तपासलेला खर्च आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडी आहे. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लसी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. खासगी दवाखान्यात त्यांच्यासाठी मोजलेले पैसे थेट हप्त्यात वळवता येतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव आहेत.

उत्पन्नाच्या बाजूला प्रश्न येतो तो बहुधा आईच्या नोकरीचा. पाळणाघराची फी आणि येण्याजाण्याचा खर्च वजा जाता पगारातले फारसे उरत नाही, म्हणून नोकरी सोडली जाते. या हिशेबात भविष्य निर्वाह निधी, पगारवाढ आणि चार वर्षांनी परत नोकरी मिळण्यातली अडचण धरलेली नसते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. मागितल्याशिवाय ती सोय क्वचितच मिळते, हा भाग वेगळा.

हप्ते थकले तर लपून राहण्यापेक्षा स्वतःहून बँकेत जाऊन लेखी अर्ज देणे चांगले. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळू शकतो. एकरकमी तडजोडीत काही रक्कम माफ होते, पण पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि पुढची कर्जे अवघड होतात. वसुली करणाऱ्यांनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. खेड्यात गटकर्जाच्या साप्ताहिक बैठकीला कडेवर पोर घेऊन बसणाऱ्या बाईला बहुधा ठाऊक नसते की सूक्ष्म कर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असा एप्रिल २०२२ पासूनचा नियम आहे. सावकारी करायला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

कमावत्याचे बरेवाईट झाले तर कर्ज मुलांच्या डोक्यावर येते का, ही भीती अनेकांना असते. वारसावर कर्ज येते ते त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. मुंबई इलाख्यात हे १८६६ च्या कायद्यानेच ठरले होते. आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बापाचे नवे कर्ज केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून वसूल करता येत नाही. जामीनदार किंवा सहकर्जदार मात्र सुटत नाही, आणि ती सही बहुधा बायकोची असते. म्हणून कर्जाएवढा मुदत विमा हवा. तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे घेतला, तर विम्याच्या रकमेवर सावकाराला किंवा बँकेला सहसा हात ठेवता येत नाही. तेवढाही हप्ता झेपत नसेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज मिटले असे नाही. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा लागतो, दुचाकीवरचा बोजा फॉर्म ३५ भरून आरटीओत उतरवावा लागतो, शेतजमीन तारण असेल तर सातबारावरची नोंद कमी करून घ्यावी लागते आणि दोन-तीन महिन्यांनी पतअहवाल तपासावा लागतो. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. घराची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.